उणे चिन्हाचे तीन जिल्हे

फेब्रुवारी १८६४ मध्ये मुंबई बेटाची पहिली नीट शिरगणती झाली. आकडा निघाला ८,१६,५६२. आठ वर्षांनी, १८७२ मध्ये, पुन्हा माणसं मोजली तेव्हा भरली ६,४४,४०५. म्हणजे एक लाख बहात्तर हजार माणसं कमी! मधल्या काळात शहर ना समुद्रात बुडालं, ना कुणी लुटलं, ना जळून खाक झालं. मग इतकी माणसं गेली कुठे?

ती आल्या वाटेनं परत गेली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि सगळी मागणी मुंबईच्या बंदरावर येऊन आदळली. कापसाचा भाव गगनाला भिडला. पैशाला वाट हवी होती म्हणून रोज नवी बँक निघत होती, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांचे शेअर हातोहात खपत होते. भराव घालायला, गासड्या वाहायला, इमले बांधायला घाटावरून आणि कोकणातून माणसांची रीघ लागली. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळला, प्रेमचंद रायचंदांसारख्या सटोडियांच्या सम्राटाचंही दिवाळं वाजलं, आणि भरावाच्या टोपल्या वाहणाऱ्या मजुरानं गावचा रस्ता धरला. १८६४ चा आकडा खरा होता, १८७२ चाही खरा होता. पहिला भरतीच्या वेळी घेतला, दुसरा ओहोटीच्या वेळी, एवढंच.

मुंबई सतत फुगतच आलेली आहे असं आपण धरून चालतो. जुने तक्ते पाहिले की हे गृहीतक पहिल्या पानावरच मोडतं. १८७२ नंतर आकडा पुन्हा चढला, १८९१ मध्ये ८,२१,७६४ वर गेला आणि १९०१ मध्ये घसरून ७,७६,००६ वर आला. १९२१ ला ११,७५,९१४ आणि १९३१ ला ११,६१,३८३, म्हणजे संप आणि मंदीच्या त्या दशकातही थोडी घटच. पाऊणशे वर्षांच्या आत हे शहर तीनदा आकसलं.

त्यातली १९०१ ची घट मला सर्वांत जास्त विचारात पाडते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या, हडफड्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत जवळपास निम्मं शहर पळालं. बोटी, आगगाड्या, बैलगाड्या, पायवाटा, जे मिळेल ते धरून माणसं गावाकडे गेली. प्लेग त्यानंतर वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला आणि दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर जोर करू लागला. नेमक्या त्याच दिवसांत, १ मार्च १९०१ च्या रात्री, देशभर शिरगणती झाली. त्या काळची रीत अशी, की ठरलेल्या एका रात्री जो माणूस जिथे सापडेल तिथे त्याची नोंद. भायखळ्याच्या चाळीत राहणारा पण प्लेगच्या भीतीनं राजापूरला गेलेला गिरणी कामगार त्या रात्री राजापूरचा झाला. शहराला हा आकडा पटला नाही. १९०६ मध्ये त्यानं स्वतःची वेगळी गणती करून घेतली आणि ती आली ९,७७,८२२. पाच वर्षांत दोन लाखांची वाढ! एवढ्या अवधीत इतका पाळणा काही हलत नाही. यातली पुष्कळ माणसं नुसती परत आलेली होती. प्लेगनं मारलेल्यांची संख्या फार मोठी होती, पण आकड्यातला खड्डा केवळ मेलेल्यांचा नव्हता. पळालेल्यांचाही होता.

इथे लोकसंख्येच्या अभ्यासातली अतिशय जुनी आणि अजूनही चकित करणारी एक गोष्ट सांगायला हवी. लंडनमध्ये जॉन ग्राँट नावाचा एक कापडदुकानदार होता. तिथल्या चर्चच्या दफनांच्या आणि बाप्तिस्म्यांच्या याद्या दर आठवड्याला छापून निघत. लोक त्या चाळून टाकून देत. ग्राँटनं त्या वर्षानुवर्षांच्या याद्या गोळा केल्या, बेरजा मारल्या आणि १६६२ मध्ये पुस्तक काढलं. त्यात त्यानं दाखवून दिलं, की लंडनमध्ये जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होतात. तरीही लंडन वाढतंच आहे. याचा अर्थ एकच, खेड्यापाड्यांतून माणसं येऊन ही तूट भरून काढतात आणि वर शहर वाढवतातही. सांडपाणी, दाटी, साथी यांनी शहर माणसं खात होतं आणि बाहेरून आलेल्या माणसांवर जगत होतं. दुकानाच्या हिशेबवहीची सवय असलेल्या माणसानं केवळ जमा आणि खर्च मांडून हे शोधून काढलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मुंबईचा हिशेब याहून वेगळा नव्हता. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत राहणाऱ्या शंभरांपैकी सोळाच जणांचा जन्म मुंबईतला होता. उरलेले चौऱ्याऐंशी बाहेर जन्मलेले! अर्थात या आकड्यात आपल्या एका रिवाजाचाही वाटा आहे. बाई बाळंतपणाला माहेरी जायची. गिरणगावात संसार थाटलेली बाई सातव्या महिन्यात बोटीनं हर्णैला किंवा वेंगुर्ल्याला उतरायची आणि तान्हं घेऊन काही महिन्यांनी परतायची. ते मूल लालबागला वाढलं, तिथल्याच शाळेत शिकलं, गिरणीत लागलं, तरी जन्मस्थानाच्या रकान्यात कायमचं रत्नागिरी. मुंबईकराची एक आख्खी पिढी कागदोपत्री परगावची ठरली.

पण संसार थाटलेलेही थोडेच होते. त्या दशकांत मुंबईत दर हजार पुरुषांमागे बायका होत्या पाचशेंच्या थोड्याफार वर. उरलेल्या बायका गावी होत्या, शेत आणि म्हातारी माणसं सांभाळत. मुंबईतल्या पुरुषांच्या खोल्या असायच्या. एकेका गावची एकेक खोली, दहा बाय बारा फुटांची. भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर कपडे, खाली ओळीनं पत्र्याच्या ट्रंका. दिवसपाळीवाला उठून गिरणीत गेला की त्याच्या वळकटीच्या जागी रातपाळीवाला येऊन आडवा व्हायचा. जेवण खाणावळवालीकडे, महिन्याच्या हिशेबानं. अशा एका खोलीत वीस-पंचवीस नावं लिहिली जायची. पुढची सगळी गोष्ट समजून घ्यायची तर ही खोली ध्यानात ठेवायला हवी, कारण शहराच्या पोटात किती माणसं मावतात ते इमारतीच्या उंचीवरून ठरत नाही. एका माणसाच्या वाट्याला किती फूट जागा येते त्यावरून ठरतं.

स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईच्या आकड्यानं मोठी उडी घेतली. आजच्या हद्दीचा हिशेब धरला तर १९४१ ते १९५१ या दहा वर्षांत लोकसंख्या १८ लाखांवरून जवळपास ३० लाखांवर गेली. युद्धकाळातले रोजगार होते, फाळणीनंतर आलेले निर्वासित होते. शीव कोळीवाडा, चेंबूर आणि कल्याणजवळच्या लष्करी छावणीतून उभं राहिलेलं उल्हासनगर या त्या दशकातल्या वसाहती. ‘आजच्या हद्दीचा’ हे शब्द मी मुद्दाम लिहिले. १९४१ मध्ये मुंबई म्हणजे माहीम-शीवपर्यंतचं बेट, तिची लोकसंख्या १४ लाख ९० हजार. १९५० मध्ये हद्द अंधेरीच्या पुढे सरकली, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोचली. जुना आकडा बेटाचा आणि नवा आकडा बृहन्मुंबईचा असे शेजारी ठेवले की वाढ अफाट दिसते. तीत जन्मलेली आणि आलेली माणसं असतातच, शिवाय जी आपल्या जागेवरून हललीच नाहीत तीही असतात. त्यांच्या दारापुढून हद्दीची रेघ गेली आणि ती मुंबईकर झाली.

मग बेटाचं काय झालं? हे आकडे लागोपाठ वाचण्यासारखे आहेत. १९७१: ३०.७ लाख. १९८१: ३२.९ लाख. १९९१: ३१.७ लाख. २००१: ३३.४ लाख. २०११: ३०.९ लाख. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचं हे बेट चाळीस वर्षं जागच्या जागी उभं आहे, आणि शेवटच्या दशकात तर चक्क साडेसात टक्क्यांनी घटलं आहे. याच चाळीस वर्षांत मुंबईत माणूस मावत नाही, लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, हे आपण रोज बोलत होतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा?

जगातल्या थोरल्या शहरांकडे पाहिलं की उत्तर सापडतं, कारण हे त्यांच्यात आधी घडून गेलं आहे. लंडनचं मूळ गावठाण म्हणजे सिटी ऑफ लंडन, जेमतेम एक चौरस मैल. १८०१ च्या पहिल्या ब्रिटिश शिरगणतीत तिथे सुमारे १ लाख २८ हजार लोक राहत होते. २०११ मध्ये साधारण ७,४००! एकोणिसाव्या शतकात लंडन जगातलं सर्वांत मोठं शहर होत होतं आणि नेमकं तेव्हाच त्याचं काळीज रिकामं होत होतं. आगगाड्या आल्या, जमिनीखालची रेल्वे आली, १८८३ च्या कायद्यानं कामगारांसाठी स्वस्त भाड्याच्या गाड्या सुरू झाल्या. माणसं बाहेर राहू लागली आणि घरांच्या जागी पेढ्या, बँका, गुदामं आली. सिटीच्या कारभाऱ्यांना घटता आकडा अपमानासारखा वाटला असावा. त्यांनी १८८१ मध्ये दिवसाची शिरगणती केली, म्हणजे भर कामाच्या वेळी तिथे किती माणसं असतात ते मोजलं. रात्री जेमतेम पन्नास हजार आणि दिवसा अडीच लाखांहून जास्त. शहर ओस पडलेलं नव्हतं. फक्त झोपायला दुसरीकडे जात होतं. फोर्ट, बॅलार्ड पिअर, काळबादेवी इथे असं काम कुणी केलं तर केवढा फरक निघेल!

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनचं उदाहरण मुंबईला आणखी जवळचं, कारण तेही बेट आहे आणि आकारानं आपल्या बेटापेक्षा किंचित लहान. मॅनहॅटनची लोकसंख्या सर्वांत जास्त कधी होती, असं विचारलं तर गगनचुंबी इमारती डोळ्यांपुढे आणून बहुतेक जण आजचा काळ सांगतील. खरं उत्तर १९१०. तेव्हा तिथे २३ लाख ३१ हजार लोक होते. एम्पायर स्टेट इमारत उभी राहायला अजून एकवीस वर्षं अवकाश होता. पाच-सहा मजली, अंधाऱ्या, एकेका खोलीत आख्खी कुटुंबं कोंबलेल्या भाड्याच्या इमारतींत ही माणसं राहत होती. भुयारी रेल्वे ब्रुकलिन, ब्राँक्स, क्वीन्सपर्यंत पोचली तशी ती बाहेर पडली. १९८० मध्ये मॅनहॅटन १४ लाख २८ हजारांवर आलं आणि २०२० मध्ये १६ लाख ९४ हजारांवर चढलं. इमारती आभाळाला टेकल्या आणि माणसं सहा लाखांनी कमी झाली. पॅरिसचंही तेच. १९२१ मध्ये २९ लाख, आज २१ लाखांच्या आसपास.

परळ-लालबागच्या मनोऱ्यांकडे बघताना मला हे आकडे आठवतात. गावच्या खोलीत वीस नावं होती. मनोऱ्यातल्या एका सदनिकेत अशा सहा-आठ खोल्या बसतील आणि दारावर पाटी एका कुटुंबाची, त्यात माणसं चार. कित्येक दिवे रात्री लागतही नाहीत. उंच बांधलं म्हणजे जास्त माणसं राहतात, हा समज आकड्यांपुढे टिकत नाही.

काळीज रिकामं झालं तरी लंडन आणि न्यूयॉर्क ही शहरं बाहेरच्या अंगानं वाढत राहिली. लंडनचा एकूण आकडा १९३९ मध्ये ८६ लाखांवर होता. युद्ध, बाहेर वसवलेली नवी गावं, बंद पडलेल्या गोद्या यांमुळे तो १९८० च्या दशकात ६८ लाखांपर्यंत घसरला आणि पुन्हा ८६ लाख गाठायला त्याला २०१५ उजाडावं लागलं. पाऊणशे वर्षं लागली, पण परत आला. डेट्रॉइटचा आला नाही. १९०० मध्ये २ लाख ८६ हजार, मोटारींच्या कारखान्यांच्या जोरावर १९५० मध्ये १८ लाख ४९ हजार, आणि २०२० मध्ये ६ लाख ३९ हजार. कारखाने शहराबाहेर गेले, गोरे लोक उपनगरांत गेले, कर भरणारे कमी झाले, २०१३ मध्ये महापालिकेनं दिवाळखोरी जाहीर केली. तरी डेट्रॉइट आणि भोवतालची गावं मिळून चाळीस लाखांहून जास्त माणसं तिथे आजही राहतात. मधली लोकवस्ती विरली, कडा भरलेल्याच राहिल्या.

खरोखर विरून गेलेलं शहर पाहायचं तर रोमकडे जावं लागतं. ऑगस्टसच्या काळात तिथे दहा लाखांच्या आसपास लोक होते असा इतिहासकारांचा अंदाज आहे. इतक्या माणसांना धान्य इजिप्त आणि आफ्रिकेतून जहाजांनी यायचं, पाणी डोंगरांतून दगडी पाटांनी यायचं. साम्राज्य मोडलं, धान्य थांबलं, इ. स. ५३७ मध्ये वेढा घालून बसलेल्या गॉथांनी पाण्याचे पाट तोडले. मध्ययुगात तिथे हजारांत मोजता येतील एवढीच माणसं उरली आणि जिथे सिनेट भरायची त्या फोरमचं नाव पडलं ‘गाईंचं कुरण’. पुन्हा दहा लाखांवर पोचायला रोमला विसाव्या शतकाचं चौथं दशक यावं लागलं.

आता महाराष्ट्राच्या २०११ च्या तक्त्याकडे येतो. राज्याची लोकसंख्या त्या दशकात जवळपास सोळा टक्क्यांनी वाढली होती. जिल्ह्यांच्या यादीत वाढीचे टक्के वाचत खाली जाताना तीनच ठिकाणी उणे चिन्ह लागतं. मुंबई शहर, उणे ७.६. रत्नागिरी, उणे ४.८. सिंधुदुर्ग, उणे २.२. राज्यातल्या सर्वांत दाट वस्तीच्या जिल्ह्यांपैकी एक आणि कोकणातले दोन डोंगरी, वाड्यावस्त्यांचे जिल्हे एकाच रांगेत! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली. मग लक्षात आलं, की हे तीन जिल्हे दीडशे वर्षं एकाच दोरीनं बांधलेले आहेत. एका टोकाला गावच्या खोल्या, दुसऱ्या टोकाला मनीऑर्डरची वाट पाहणारी घरं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि पुष्कळ गिरण्यांचे भोंगे त्यानंतर कायमचे थांबले. काही चाकरमानी गावी परतले. पण त्यांची मुलं गावात राहिली नाहीत आणि लालबागलाही राहिली नाहीत. खोली विकली, आलेल्या पैशांत डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार इथे दोन खोल्या घेतल्या. गावचं घर कुलूप लावून ठेवलं. दोरीची दोन्ही टोकं हलकी झाली, भार तिसरीकडे गेला.

तो कुठे गेला हे त्याच तक्त्यात दिसतं. ठाणे जिल्हा त्या दशकात ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला आणि भारतातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा ठरला. बृहन्मुंबई मात्र पुरती चार टक्केही वाढली नाही, तेव्हा देश साडेसतरा टक्क्यांहून जास्त वाढत होता. म्हणजे जिच्या गर्दीची देशभर चर्चा, ती मुंबई देशापेक्षा कितीतरी हळू वाढत होती. गर्दी खरी होती, कारण विरार-बदलापूरहून ती रोज सकाळी आत येत होती.

रत्नागिरीत २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, राज्यात सर्वांत जास्त. मुंबईतला जुना पाचशेंचा आकडा आणि हा आकडा एकमेकांसमोर ठेवून पाहा. कामासाठी पुरुष बाहेर जाण्याची चाल अजून पुरती थांबलेली नाही हे त्यातून कळतं. २०११ ची गणती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, राहत्या ठिकाणाच्या हिशेबानं, आणि ज्यांना घरच नाही त्यांना २८ तारखेच्या रात्री फुटपाथवर, फलाटांवर, पुलांखाली जाऊन मोजलं गेलं. समजा १९०१ सारखी एका रात्रीची गणती आज भाद्रपद चतुर्थीला घेतली, तर? बंद घरांची कुलपं निघालेली, ओटीवर माणसांची झोपायला दाटी, आणि डोंबिवली-विरारच्या इमारतींत मजलेच्या मजले अंधारे. त्या रात्रीच्या तक्त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गापुढचं उणे चिन्ह नक्की पुसलं गेलं असतं.

२०२१ ची जनगणना करोनानं लांबली. आता पुढच्या गणतीसाठी १ मार्च २०२७ ही तारीख जाहीर झाली आहे. आकडे येतील तेव्हा बेट पुन्हा घटलं का, हे मी आधी पाहणार आहे. नंतर रत्नागिरी-सिंधुदुर्ग. ठाण्याचा आकडा वाचताना मात्र जपायला हवं, कारण १ ऑगस्ट २०१४ ला त्यातून पालघर वेगळा निघाला आणि वसई-विरार तिकडे गेलं. २०११ च्या १ कोटी १० लाखांतले सुमारे ३० लाख आता पालघरच्या खात्यात आहेत. ते वजा करून उरलेल्या ८० लाखांशीच ठाण्याची तुलना करायची, नाहीतर फुगलेला जिल्हा आकसलेला दिसेल.